गैरहाजर कोण?

आमच्या साहेबांच्या हातात कोणी दगड दिला की ते आधी तो चाटत. मग डोळे मिटून चव घेत. दगड देणारा माणूस नवा असला की तो आमच्याकडे बघे आणि आम्ही छताकडे. चिकणमाती मिसळलेला दगड जिभेला चिकटतो आणि निव्वळ वाळूचा चिकटत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण हे त्यांनी मला सांगितलं ते मी कामाला लागून बरेच महिने झाल्यावर. तोवर मीही त्यांचं बघून समोर येईल तो दगड चाटत होतो. कोणत्या चवीची वाट बघायची तेच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्याच दगडांना मान डोलावून 'ठीक आहे' म्हणत होतो.

आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्वेला कोळशाचा पट्टा आहे. तिथल्या एका गावात खडक तपासायची आमची लहानशी लॅब होती. जमिनीखाली खोदकाम करायचं तर डोक्यावरचा खडक किती भार सोसेल हे आधी कळायला हवं. त्यासाठी जंगलात बोअर मारून दगडाच्या लांब कांड्या काढायच्या, लाकडी पेट्यांतून लॅबमध्ये आणायच्या, त्यांचे सारख्या मापाचे तुकडे कापायचे आणि यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचे. किती भाराला फुटला तो आकडा घ्यायचा. असे पुष्कळ आकडे जमले की त्यांतून एक वक्र रेघ काढायची. त्या रेघेवर वरचे लोक भरवसा ठेवायचे. आधी ही रेघ साहेब आलेखाच्या कागदावर हाताने काढत. पुढे नव्वदच्या सुमाराला कॉम्प्युटर आला आणि ती रेघ काढायचं काम, का कोण जाणे, माझ्याकडे आलं.

'का कोण जाणे' हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही. मी दहावीला बसलेलोही नाही.

मी मूळचा महाराष्ट्राच्या हद्दीलगतच्या तामसीकडचा. घरी कापूस आणि ज्वारी. शाळा मराठी, आणि दहावीचं सेंटर आदिलाबादला. पेपरच्या दिवशी आईने हातावर दही दिलं, भावाने बसमध्ये बसवून दिलं. आदिलाबादच्या स्टँडवर उतरलो आणि पाय सेंटरच्या दिशेला वळेचनात. समोर एक गाडी सुरू होऊन उभी होती. तिचा बोर्डही न वाचता मी आत जाऊन बसलो. इंद्रवेल्लीला पोलिसांनी गाडी थांबवली. आदिवासींवरच्या गोळीबारानंतरच्या त्या काळात तिथे थांबवतच. शिपायाने विचारलं, कुठे चाललास. मी म्हणालो, परीक्षेला. परीक्षा कुठे आहे, तर मी पुढे बोट केलं. माझ्या खिशाला पेन होता, हातात पट्टी होती. त्याने सोडलं. परीक्षा पुढेच होती म्हणा, फक्त बरीच वर्षं पुढे.

गाडी जिथे संपली तिथे उतरलो. सगळीकडे तेलुगू. एका हॉटेलात कपबशा विसळल्या, मग ड्रिलिंगच्या कॅम्पवर पाइप उचलले, आणि तिथून दगडांच्या पेट्यांबरोबर लॅबमध्ये आलो तो तिथेच राहिलो. धीर करून पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा मला मिशा आल्या होत्या. आई रडली. भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "लई लंबा पेपर होता बापा. आमी म्हणलं, लिहून राह्यला असंन."

साहेबांचं घराणं मराठीच, पण निजामाच्या काळापासून आदिलाबादला कचेरीत रुळलेलं. आजोबा वकील, वडील कोर्टात कागद पुढे ठेवणारे पेशकार. साहेबांनी घराण्याचा धंदा सोडून खडकांचं शिक्षण घेतलं होतं, पण कचेरी काही त्यांच्यातून गेली नव्हती. त्यांच्या लेखी आमची लॅब म्हणजे अदालत. दाबायचं यंत्र म्हणजे कटघरा, आणि त्यात उभा राहणारा दगड हा गवाह, साक्षीदार. तो फुटला की म्हणायचे, "झालं बयान. लिहून घे." एखादा दगड आपल्या भाऊबंदांपेक्षा फारच लवकर फुटला आणि आमच्यापैकी कोणी 'हा सोडून देऊ, साहेब, आकडा बिघडतो' असं म्हणालं, तर चष्म्यावरून बघत आणि सावकाश बोलत, "आपलं काम बयान घ्यायचं. वकिली करायची नाही."

मग तो फुटलेला दगड ते मागून घ्यायचे, त्याचे तुकडे तळहातावर जुळवायचे आणि कुठून फुटला ते बघायचे. नव्याने फुटला, की आतल्या एखाद्या जुन्या भेगेवरून सरकला? भेगेवरून सरकला असेल तर तो आकडा वेगळा ठेवायचा, कारण ते खडकाचं बोलणं नाही, भेगेचं आहे. हे करताना ते इतके हळुवार होत की यंत्र चालवणारा मल्लय्या मला डोळा मारायचा. मल्लय्या तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोले. त्याचं म्हणणं असं की साहेब दगडाशी बोलतो आणि तू दगडासारखा गप्प बसतोस, म्हणून तुमचं जमतं.

मला ते नावाने हाक मारत नसत. मी 'तामसीवाले' होतो. अरे तामसीवाले.

सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट आठवते. दगड नुसता उभा दाबला तर लवकर फुटतो. पण त्याला रबरी अंगरखा घालून चहूबाजूंनी तेलाचा दाब दिला, तर तोच दगड वरून कितीतरी जास्त भार सोसतो. साहेबांनी एकदा मला शेजारी उभं करून हे दाखवलं. "बघ तामसीवाले, एकटा होता तेव्हा कुठे फुटला. आणि आता चारी बाजूंनी कोणी धरून आहे, तर कुठवर चाललाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरापासून इतक्या दूर, आणि हा मोठा माणूस मला समजून सांगतोय की तू एकटा नाहीस. मी रुमाल काढतो आहे तोवर साहेब म्हणाले, "पण हे रबर फाटलंय. तेल गळतंय. नवं मागव." ते रबराबद्दलच बोलत होते. मी रुमालाने तेल पुसलं.

कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी एक खोली रिकामी केली आणि तिच्यात एसी बसवला. गावातला तो बहुधा पहिलाच असेल. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना साहेब घरून निघतानाच स्वेटर घालून सायकलवर येत. लोक थांबून बघत. साहेब म्हणत, दिवसभर बसायचं तर थंडीतच आहे, मग दारात उभं राहून घालायचा-काढायचा तमाशा कशाला. छत एका जागी गळायचं. तिथे साहेबांनी आपली छत्री उघडून कॉम्प्युटरवर टांगली आणि पावसाळाभर स्वतः भिजत घरी गेले.

कॉम्प्युटरचं नाव त्यांनी ठेवलं मुन्शी. आम्ही वापरायचो त्या प्रोग्रॅममध्ये दोनच रकाने होते. एकात दगडाला बाजूने किती दाब दिला होता ते भरायचं, दुसऱ्यात वरच्या कोणत्या भाराला तो फुटला ते. सगळे आकडे भरून एक बटण दाबलं की पडद्यावर हिरवे ठिपके उमटत आणि त्यांच्यामधून एक रेघ वर चढत जाई. खाली उत्तर येई: हा खडक बाजूच्या आधाराशिवाय इतका मजबूत, आणि आधार दिल्यावर त्याची ताकद अमुक चालीने वाढते. ज्या कामाला साहेबांना कागद-पेन्सिल घेऊन दुपार लागायची ते मुन्शी चहा निवायच्या आत करायचा. मला टायपिंग येत नव्हतं, एका बोटाने आकडे शोधायचो. पण आकडे सगळीकडे सारखेच असतात. त्यांना तेलुगू लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. त्या खोलीत मला पहिल्यांदा भीती वाटेनाशी झाली. थोडी एसीची वाटायची.

बेज्जूरच्या जंगलातल्या बोअरचे दगड आले तेव्हाची गोष्ट. सगळे आकडे भरले, बटण दाबलं, आणि रेघ अशी काही आली की तिने एकही ठिपका सोडला नाही. जणू सगळे दगड आधी ठरवून फुटले होते. मल्लय्याने येऊन बघितलं, बाकीचे आले, कोणीतरी चहा मागवला. मी खुर्चीत मागे रेलून बसलो होतो, जणू तो खडक मीच घडवला. साहेब आले, स्वेटरच्या बाह्या ओढून घेतल्या, रेघ वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाले, "गैरहाजर कोण?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सगळे तिथेच होते.

"तुमच्याबद्दल नाही," साहेब म्हणाले. "पेटीत अखंड कांड्या तेवढ्या आल्या. ज्यांचा मापाचा तुकडा निघालाच नाही, जे वर येता येता चुरा झाले, ते कुठे आहेत? कटघऱ्यात उभे राहिले ते सगळे तगडे गवाह. ज्यांना कटघऱ्यापर्यंत येता आलं नाही त्यांचं काय?"

कॅम्पवर पाइप उचललेले होते, त्यामुळे ते कुठे असतात मला माहीत होतं. ड्रिलरचा मुकादम चांगल्या कांड्या पेटीत लावतो आणि चुरा नाल्यात फेकतो. मी हे बोलून गेलो. तेवढं बोललो नसतो तर पुढचं सगळं टळलं असतं. साहेबांनी मला एक रिकामं पोतं दिलं आणि बेज्जूरला पाठवलं.

नाल्यात उतरून मी दगडाचे तुकडे वेचत होतो आणि काठावर गावातली बायामाणसं जमून बघत होती. सोनं आहे का, म्हणून एका म्हाताऱ्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने बाकीच्यांना काहीतरी सांगितलं आणि सगळे माझ्याकडे जास्तच मायेने बघू लागले. एका बाईने पाणी आणून दिलं. परतीच्या गाडीत कंडक्टरने पोत्याला लाथ मारून बघितली. आत काय आहे, विचारलं. मी म्हणालो, राळ्ळु, म्हणजे दगड. तो पुढच्या सीटपर्यंत जाऊन परत आला. "राळ्ळु?" मी म्हणालो, सँपल. त्याने लगेजचं तिकीट फाडलं आणि उरलेला प्रवासभर मला खिडकीजवळ बसू दिलं नाही.

साहेबांनी त्या चुऱ्यातल्या मुठीएवढ्या तुकड्यांवर माझ्याकडून पांढऱ्या रंगाने आकडे घालून घेतले. मग रिपोर्टात त्या देखण्या रेघेखाली लिहिलं की ही ताकद फक्त अखंड आलेल्या दगडांची आहे, आणि सोबत बोअरच्या कोणत्या भागातून किती दगड अखंड आलाच नाही ते जोडलं. वरच्या लोकांना हे आवडलं नाही. त्यांना रेघ पुरेशी होती. पण साहेब त्याशिवाय सही करत नसत. तेव्हापासून प्रत्येक कॅम्पवरून पेटीबरोबर चुऱ्याचं पोतंही यायला लागलं. व्हरांड्यात भिंतीला लागून पोत्यांची रांग उभी राहिली. रोज संध्याकाळी ती झाडून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मल्लय्या त्या रांगेला साहेबांचे पाहुणे म्हणायचा.

आणि तुकडे कापून उरलेल्या अखंड कांड्यांचं? त्यांचे वरवंटे व्हायचे. कॉलनीत कोणाचंही लग्न असो, साहेब वाळूच्या खडकाच्या एका चांगल्या कांडीला कागदात गुंडाळून आहेर म्हणून नेत. तपासलेला दगड आहे, म्हणून नवऱ्यामुलाला खात्री देत. कॉलनीतली अर्धी घरं साहेबांच्या गवाहांनी चटणी वाटत होती. फक्त साहेबांच्या स्वतःच्या घरी ते चालत नसे. वहिनी म्हणायच्या, वाळूच्या दगडाने वाटलं तर चटणीत वाळू येते, एवढं ज्यांना कळत नाही ते खडकाची परीक्षा काय करणार.

माझ्या चुकांची यादी करायला बसलो तर दिवाळी अंक पुरणार नाही. पण एक सांगतो. काही दगडांच्या चकत्या आडव्या ठेवून फोडायच्या असत. त्यातून दगड ओढला तर किती टिकेल ते कळतं. हा आकडा मुन्शीला उणे चिन्ह लावून द्यावा लागे, कारण दाब अधिक, तर ओढ उणे. एकदा मी ते चिन्ह विसरलो. रेघ वर चढायच्या ऐवजी लोळत गेली आणि उत्तर आलं की हा खडक साधारण बिस्किटाइतका मजबूत आहे. मी तो कागद तसाच छापून साहेबांना नेऊन दिला. कागद हातात घेऊन त्यांनी माझे आकडे एकेक करून तपासले. मला वाटलं, आता गाडी पकडावी लागणार. साहेब म्हणाले, "मुन्शी बेइमान नाही, तामसीवाले. तू जे सांगितलंस तेच त्याने लिहिलं. तो फक्त बेवकूफ आहे. म्हणून शेजारी माणूस बसवलाय." माणूस म्हणजे मी. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला दोघांमधला शहाणा ठरवलं होतं, मग दुसरा जरी यंत्र असला तरी.

आणि मग तो हुकूम आला. लॅबमधल्या कच्च्या नोकरांना पक्कं करायचं. पण जो दहावी पास नाही त्याला हैद्राबादहून येणाऱ्या साहेबांसमोर परीक्षा द्यावी लागेल: ते देतील ते आकडे मुन्शीला भरून रेघ काढायची आणि उत्तर सांगायचं. जो उतरणार नाही किंवा येणार नाही त्याला महिनाअखेर सोडून द्यायचं. यादीत मी एकटाच होतो. मल्लय्या दहावी पास निघाला. इतकी वर्षं त्याने हे मला कळू दिलं नव्हतं, याचं मला हुकुमापेक्षा जास्त वाईट वाटलं.

काम तेच होतं. मी ते रोज करत होतो. पण त्याला परीक्षा म्हटल्याबरोबर तीच जुनी भीती परत आली, जशी काही आदिलाबादच्या स्टँडवर माझी वाट बघत बसली होती. मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, साहेब, तुम्ही रोज बघता माझं काम. तुम्हीच दोन ओळी लिहून द्या की याला येतं.

"तपासल्याशिवाय मी सही करत नाही."

"मग तुम्हीच तपासा."

"मी तपासलं तर ती वकिली होईल." ते एक दगड धुवत होते. मान वर न करता विचारलं, "दहावीला काय झालं होतं?"

मी म्हणालो, नापास आहे साहेब.

"कशात?"

मग मला सगळं सांगावं लागलं. दही, पट्टी, स्टँड, गाडी, शिपाई. साहेबांनी नळ बंद केला.

"बसलाच नाहीस?"

"नाही साहेब."

"मग नापास काऊन म्हणून राह्यला?" हैद्राबादी कचेरी सोडून ते एकदम आमच्या गावचं बोलले. "नापास व्हायला बसावं लागतं. तू गैरहाजर."

मला वाटलं हे सांत्वन आहे. मी मान हलवली. साहेबांनी ती हलू दिली नाही.

"खुश होऊ नको. गैरहाजर म्हणजे मजबूत नाही. कमजोरही नाही. माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या पोत्यांतले काही दगड खरंच कुचके आहेत आणि काही धडधाकट दगड ड्रिलरने घाईने तोडलेले आहेत. पोत्यात दोन्ही सारखेच दिसतात." मग दगड पुसता पुसता, सहज विचारावं तसं, "कुठल्या गाडीत बसला होतास?"

"उभी होती त्या."

"हं," साहेब म्हणाले आणि दगड चाटून बघितला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी खोलीला कुलूप लावलं, दोन कपडे थैलीत घातले आणि स्टँडवर गेलो. लॅबचा रस्ता टाळून, मागच्या बाजूने. मी स्वतःला सांगत होतो की आईची तब्येत बरी नसणार. आदिलाबादची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात बाकड्यावर स्वेटर दिसला.

मार्च महिना होता. संबंध स्टँडवर स्वेटर घातलेला एकच माणूस. पायांशी एक पोतं, शेजारी भिंतीला सायकल.

"बरं झालं आलास," साहेब म्हणाले. "बेज्जूरचा माल आलाय. उचल."

"साहेब, माझी गाडी..."

"कोणती?"

"आदिलाबादची. घरी जातो. आई..."

"ती गाडी उद्याही आहे. पोतं आज आहे. माझी कंबर धरलीय."

आता खरं सांगायचं तर मी परीक्षेला जेवढा घाबरत होतो त्याहून जरा जास्तच साहेबांना नाही म्हणायला घाबरत होतो. माझ्या हातून जी काही चांगली कामं झाली ती अशीच झाली आहेत: दोन भीतींची झोंबी लागली आणि मोठी जिंकली म्हणून. मी पोत्याला हात घातला. सायकलच्या कॅरिअरवर ठेवू का म्हणालो. नको म्हणाले, कॅरिअर तुटेल, खांद्यावर घे. माझी थैली मात्र त्यांनी काढून घेतली आणि आपल्या हँडलला अडकवली. मी खांद्यावर दगड घेऊन पुढे आणि साहेब माझे कपडे घेऊन मागे, अशी आमची वरात गावातून निघाली. वाटेत ते परीक्षेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. वहिनींना चटणीतली वाळू अजून सापडते आहे आणि मल्लय्याच्या मुलाच्या बारशाला वरवंटा न्यावा का, हे बोलत होते. खांद्यावर दगडांचं पोतं असलेला माणूस पळू शकत नाही, हे मला फार नंतर सुचलं.

पोतं व्हरांड्यात टेकवलं तोवर हैद्राबादचे साहेब येऊन एसीत बसले होते. त्यांनी आकड्यांचा कागद दिला आणि घड्याळ बघितलं. मला टायपिंग येतं ते एकाच बोटाने. सावकाश भरत गेलो. उणे चिन्हाशी थांबलो, ते घातलं, पुन्हा बघितलं, परत बघितलं. बटण दाबलं. रेघ वर चढली, सगळ्या ठिपक्यांतून, अगदी सुरेख. खडकाची ताकद किती, ते वाचून सांगितलं.

"ठीक," पाहुणे साहेब हिंदीत म्हणाले. "हो गया?"

हो म्हणून उठायचं होतं. आमचे साहेब माझ्या मागे कोपऱ्यात उभे होते, आणि त्यांच्या स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. त्या वासानेच बहुधा मी बोललो. म्हणालो, साहेब, हे अखंड आलेल्या दगडांचं झालं. ज्यांचा चुरा झाला ते किती होते?

पाहुण्यांनी आपला कागद उलटसुलट करून बघितला. ते यात दिलेलं नाही, म्हणाले. प्रश्नात नाही.

मग उत्तराखाली तसं लिहू का, मी विचारलं. की माहीत नाही म्हणून.

त्यांनी खांदे उडवले. लिही, म्हणाले, काही बिघडत नाही. मी माझ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं. ते फार प्रभावित वगैरे झाले नाहीत. साहेबांना म्हणाले, हात फार सावकाश चालतो याचा, पण काम चालेल. आणि त्यांनी जेवायला काय आहे ते विचारलं.

काम चालेल. माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा एकुलता एक निकाल, आणि तो मला आजही तोंडपाठ आहे. त्यावर मी पुढे पेन्शनपर्यंत गेलो.

दुपारी व्हरांड्यात येऊन मी ते पोतं उघडायला बसलो. नवा माल आला की तुकड्यांवर आकडे घालायचे असत. पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, कुंचला भिजवला, पोत्याची सुतळी सोडली आणि पहिला तुकडा बाहेर काढला. त्याच्यावर आकडा होता. दुसऱ्यावरही होता. पांढऱ्या रंगात, माझ्याच वाकड्या हातचा. बेज्जूरच्या नाल्यातून मीच वेचून आणलेला, म्हाताऱ्याने सोनं समजलेला तो चुरा.

मल्लय्या विडी ओढत पायरीवर बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं.

"सुबे साहब खुदच लेके गया," तो म्हणाला. "सायकल पे. मैं पूछा, किधर साहब, इतने सुबे? बोला, एक गवाह को लाना है."

मी आत गेलो. पाहुणे जेवायला गेले होते. साहेब स्वेटरमध्ये हात खुपसून मुन्शीपुढे एकटेच बसले होते, पडद्यावर अजून माझी रेघ होती. माझी थैली त्यांच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेली.

"काय?" ते म्हणाले.

"काही नाही साहेब," म्हणालो.

"मग पोतं जागेवर ठेव."

मी ते उचलून रांगेकडे नेलं. रांगेत एक जागा रिकामी होती. सगळ्या व्हरांड्यावर रात्रभरात बसलेली धूळ आणि तेवढाच एक गोल स्वच्छ. रोज झाडतो ती रांग. सकाळी पोतं टेकवताना तो गोल माझ्या पायाशी होता आणि मला दिसला नव्हता. दगड कुठून फुटला ते बघायला शिकवलेला माणूस मी. पोतं बरोबर त्या गोलावर ठेवलं, सुतळी बांधली आणि रंगाचा डबा बंद करून हात धुवायला गेलो.